पाचवी ओळ

"कागदावर चार ओळी होत्या, नागू. दगडावर पाच कशा?"

दस्तगीरचाचांनी हे विचारलं तेव्हा आमचा टेम्पो घाट उतरून सपाटीला लागला होता. गाडी मी चालवत होतो. चाचा मध्ये बसले होते, नागनाथ दाराशी.

नागनाथ बाहेर बघत राहिला.

मागं हौद्यात पेंढ्यावर, पोत्यांत गुंडाळलेला काळा दगड होता. थॉमस मास्तरांच्या बायकोच्या कबरीचा. सुगंधाबाई नर्स होत्या. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. उद्या त्यांना जाऊन वर्ष होत होतं, आणि उद्याच दगड बसवायचा होता. त्यावर काय हवं ते मास्तरांनी कागदावर लिहून दिलं होतं. नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली एक ओळ, 'आता थोडी नीज.'

चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी दगडावर अक्षरं काढली ती चित्रासारखी. कागदाच्या पाठीला गेरू चोळायचा, कागद दगडावर ठेवायचा, वरून खिळ्यानं गिरवायचं. दगडावर लाल रेघा उमटायच्या. त्या रेघांवरून छिन्नी चालवायची. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून अक्षरांचं काम नागनाथ करायचा. तो मॅट्रिक झालेला. त्याचा हात चांगला होता, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

"सकाळी दगड बांधताना बोट फिरवलं मी," चाचा म्हणाले. "चार मास्तरांच्या. मग खाली, पायाकडं, एक बारीक. वीतभर."

"नाव आहे."

"कुणाचं?"

"माझं. कारागीर नागनाथ पाथरवट. एवढंच."

"बाईंच्या कबरीवर?"

"का? काम कुणी केलं, कळायला नको? तेलाच्या डब्यावर नाव असतं. ह्या टेम्पोवर मालकाचं नाव आहे. मागच्या फळीवर त्याच्या पोरांचीसुद्धा आहेत."

"तिन्ही पोरांची," मी म्हणालो. "बायकोचं तेवढं राहिलंय."

कुणी हसलं नाही.

"चाळीस वर्षं दगड फोडलात, चाचा," नागनाथ म्हणाला. "पंचक्रोशीत तुमच्या हातचे दगड आहेत. एकावर तरी नाव आहे तुमचं? उद्या तुम्ही गेलात की कोण म्हणणार, हे दस्तगीरचं काम?"

चाचांनी गुडघ्यावरची धूळ झटकली.

"माझा बाप नदीच्या पुलावर दोन वर्षं दगड घडवत होता. तिथंच पडला आणि गेला. मला अक्षरं लागली तशी मी पहिली कुठली पाटी वाचायला गेलो, माहीत आहे? पुलावरची. संगमरवराची आहे. फीत कापणाऱ्याचं नाव आहे, इंजिनिअरचं आहे, ठेकेदाराचं आहे. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली..."

मग त्यानं पायाशी ठेवलेली हत्यारांची पिशवी उचलून चाचांच्या मांडीवर ठेवली. चाचांनीच त्याला दिलेली पिशवी होती ती.

"माझं नाव काढायचं असेल तर हे घ्या. मी पुढच्या फाट्यावर उतरतो."

चाचांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली. तिचं वजन केल्यासारखं केलं.

"कोंडिबा," ते मला म्हणाले, "फाट्याच्या अलीकडं डाव्या हाताला जुन्या कबरी आहेत. तिथं लाव गाडी. इंजिन तापलंय."

इंजिन तापलं नव्हतं. पण मी गाडी लावली.

रस्त्याला लागूनच माळ होता आणि माळभर कबरी. बादशाहीच्या काळातल्या. जमिनीत गाडलेल्या वाटतच नव्हत्या. प्रत्येकीखाली दगडी चौथरा, चौथऱ्यावर दुसरा लहान चौथरा, त्यावर अखंड दगडाची कबर. कुठं कंबरेइतकी उंच, कुठं छातीइतकी. मधूनच एखादा घुमट, त्यात पारवे. बाकी सगळं उघड्यावर. वाळलेल्या गवतातून त्या काळ्या रांगा उतारावरून खाली ओढ्यापर्यंत गेल्या होत्या. एखादा मोठा तळ पडावा आणि सगळे झोपी जावेत, तसं वाटत होतं.

चाचांनी चपला काढल्या. आम्हीही काढल्या.

ते पहिल्या कबरीपाशी गेले. तिच्या कडेवरून त्यांनी पंजा फिरवला, आंधळा माणूस चेहऱ्यावरून फिरवतो तसा.

"हा डावखुरा होता," ते म्हणाले.

"कोण?" नागनाथनं विचारलं.

"हा." त्यांनी त्याचा हात ओढून दगडावर ठेवला. "घाव बघ कुणीकडून पडलेत."

नागनाथनं हात फिरवला. लगेच काढला नाही.

पुढची कबर. चाचांनी वेल चाचपली.

"ह्याला घरी जायची घाई होती. तीन पानं मन लावून केलीत, चौथं उरकलंय."

तिच्या पुढची. तिथं ते बराच वेळ थांबले.

"इथं दोघं होते. एक शिकाऊ. ह्या अंगाला हात थरथरलाय बघ. आणि हा वरून दुसरा हात फिरलाय, म्हाताऱ्याचा. शिकाऊचं बिघडलेलं त्यानं पुसलं नाही. त्याचंच फूल केलं."

नागनाथ वाकून बघू लागला. मग डोळे मिटून बोटांनी बघू लागला. मी मागं उभा होतो. मला त्यातलं काही कळत नव्हतं. नुसतं उन्हानं तापलेल्या दगडाचा वास येत होता.

"चाचा..." नागनाथ खाली बघतच म्हणाला. "माझ्या बापाचा हात ओळखाल तुम्ही?"

"तिसरा खांब."

"काय?"

"पुलाचा तिसरा खांब. पाण्याच्या अंगाचा. तुझा बाप विठोबा दगडाची धार ठेवायचा नाही, कड गोल मारायचा. ठेकेदार ओरडायचा त्याच्यावर, वेळ घालवतो म्हणून. तो म्हणायचा, इथं उद्या बाया धुणं आणतील, हात कापतील." चाचांनी कबरीच्या कडेवर अंगठा फिरवला. "बाया अजून तिथंच धुतात. दुसऱ्या खांबाकडं कुणी जात नाही."

नागनाथ कबरीला टेकून उभा राहिला.

"पाटी वाचलीस. खाली उतरला होतास कधी?"

"...नाही."

चाचा उतारावरून चालू लागले. ओढ्याच्या जवळ, एका बाभळीखाली, एक ठेंगणी कबर होती. तिच्यावर ना वेल, ना फूल. डोक्याकडं लिहिलेलं होतं ते पाऊस-वाऱ्यानं इतकं झिजलं होतं की तो लेख आहे एवढंच कळावं. पायाकडं दगडात एक उथळ खळगा होता. कोरडा. आत बाभळीची चार पानं आणि धूळ.

चाचांनी बोटांनी तो साफ केला. मग माझ्याकडं हात केला. मी पाण्याचा डबा दिला. त्यांनी खळगा काठोकाठ भरला आणि आम्हाला मागं व्हायला खुणावलं.

आम्ही दहा-बारा पावलांवर जाऊन बसलो.

बराच वेळ काही झालं नाही.

मग बाभळीतून एक बुलबुल उतरला. आधी लेखावर बसला. इकडं-तिकडं बघितलं. उड्या मारत खळग्यापाशी आला, चोच बुडवली, मान वर केली. पुन्हा बुडवली. त्याच्या मागून त्याची जोडीदारीण आली. नंतर एक सरडा आला. तो लांब थांबला, आपली पाळी येईपर्यंत.

"ही कुणाची कबर?" नागनाथनं हळू विचारलं.

"तू शिकलेला. वाचून बघ."

"झिजलंय सगळं."

"हां..."

पाखरं उडाली तसा नागनाथ उठला. पुन्हा कबरीपाशी गेला. गुडघ्यावर बसून त्यानं खळग्यात बोट घातलं. आता त्याच्या बोटाला कळलं होतं कसं बघायचं ते. तळ चाचपला. कड चाचपली. एका जागी बोट थांबलं. तो तिथंच मागं-पुढं फिरवत राहिला.

"चाचा, इथं कडेला रेघ आहे."

चाचा बसूनच होते.

"रेघ नाही... अक्षराचं शेपूट आहे. हा खळगा मागून केलाय. इथं आधी ओळ होती. बारीक ओळ."

"असेल."

"पायाकडं? कबरीच्या पायाकडं कुणाचं नाव असणार?"

चाचांनी डब्यातलं उरलेलं पाणी तोंडाला लावलं. एक घोट घेतला, डबा माझ्या हातात दिला.

नागनाथ तसाच गुडघ्यावर होता. त्याची पाठ आमच्याकडं होती, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला नाही. दिसला असता तरी इथं लिहिला नसता.

मग तो उठला आणि वर टेम्पोकडं गेला.

आम्ही पोचलो तेव्हा त्यानं पोत्यांची गाठ सोडली होती. काळा दगड उन्हात आला. 'सुगंधा थॉमस घाटगे.' सुंदर अक्षर होतं. खरंच सांगतो, पोराचा हात देवानं दिलेला होता.

"मास्तरांनी पायाशी पाण्याची वाटी सांगितली नव्हती," तो म्हणाला.

"पाचवी ओळ तरी कुठं सांगितली होती?"

नागनाथच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू असेल. तो हौद्यात चढला आणि खाली हात केला.

चाचांनी पिशवी त्याच्या हातात दिली.

तो कामाला लागला. चाचा टेम्पोच्या सावलीत पोतं टाकून आडवे झाले, डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण हातोडीचा आवाज थोडा बदलला की त्यांचं बोट पोत्यावर हलायचं.

"हळू," एकदा ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. "तिथं दगड फुटीर आहे."

आवाज हळू झाला.

कपच्या उडत होत्या. पहिल्यांदा 'कारागीर' गेलं. 'नागनाथ'वर येताना हातोडी थांबली. माळावर एकदम शांतता झाली, पारव्यांचं घुमणं ऐकू आलं. चाचांचं बोट पोत्यावर थांबून राहिलं.

मग पुन्हा घाव पडला. आणि पुन्हा.

ऊन कललं. कबरींच्या सावल्या लांब होऊन एकमेकींना टेकल्या. शेवटी त्यानं भिजवलेली वाळू घेऊन खळगा आतून घासला, फुंकर मारली, सदऱ्याच्या बाहीनं पुसला. केस, भुवया, सगळं धुळीनं पांढरं झालं होतं. वयाच्या मानानं फार म्हातारा दिसत होता.

"झालं, चाचा."

चाचा उठले. मी त्यांना हात देऊन हौद्यात चढवलं. त्यांनी वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. एक पूर्ण वेढा. कुठंही धार नव्हती, सगळीकडून गोल मारली होती. बोट एका जागी जरा अडलं.

"एक काना राहिलाय," नागनाथ म्हणाला. "शेवटचा... काढू?"

चाचांनी मान हलवली. नको.

मी ओढ्यावरून भरून आणलेला डबा पुढं केला. चाचांनी तो नागनाथच्या हातात दिला. त्यानं वाटीत पाणी ओतलं. थोडं बाईंच्या नावावर सांडलं, अक्षरांमधून वाहत गेलं.

"नाव गेलं," तो म्हणाला. आवाज लहान पोरासारखा झाला होता.

पाणी हललं, डुचमळलं, हळूहळू स्थिरावलं. रस्त्याकडच्या बाभळीची एक फांदी त्यात दिसू लागली. वरचं आभाळ दिसू लागलं.

चाचा वाकले. मोतीबिंदूचे डोळे पाण्याच्या अगदी जवळ नेले. बराच वेळ तसेच राहिले.

मग नागनाथच्या मानेवर हात ठेवून त्यांनी त्याचं डोकं हलकेच पाण्यावर वाकवलं. आभाळाच्या जागी त्याचा धुळीनं पांढरा चेहरा आला.

"मला कुठं वाचता येतं, नागू... तू सांग, काय लिहिलंय?"