धार धरणारे हात

निवेदर हे खाडीच्या मुखाशी वसलेले गाव. माडांच्या गर्दीत पांढरी मशीद, मशिदीमागे कबरस्तान, आणि दोहोंच्या मधल्या पट्टीत झावळ्यांच्या झापांची एक खोपी. त्या खोपीत गरीबशाह बाबांचा मुक्काम होता. बाबा कुठून आले हे गावाला ठाऊक नव्हते आणि विचारायचा धीर कुणाला झाला नाही. पहाटे ते स्वतः विहीर ओढून मशिदीचा हौद भरत. कुणी म्हणाले, बाबा, हे काम आम्हाला द्या, तर म्हणत, "दुसरी विहीर शोधा, ही माझी आहे." असे मिश्कील होते बाबा! नमाज-रोजा तर हवाच, पण त्यांचे आणखी एक मागणे असे. मोबदला न घेता, चारचौघांत न मिरवता कुणाची तरी खिदमत, सेवा करा. माणसातला मीपणा त्यानेच झिजतो, असे त्यांचे सांगणे होते.

हे सांगणे हुरमतने मनावर घेतले. हुरमत म्हणजे खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, विकून पोट भरणारी विधवा. गावात कुणी बाई अल्लाला प्यारी झाली, की तिच्या मयताला गुसल द्यायला, म्हणजे शेवटची अंघोळ घालायला, ती जायची. निरोप आला की टोपली तिथेच ठेवून निघायची, आणि त्याबद्दल कुणाकडून सुपारीचे खांडसुद्धा घेत नसे.

आता मंडळी, अशा बाईला गावाने डोक्यावर घ्यावे की नाही? पण दाऊद नाखव्याची बायको खैरूबी हिला हुरमतचे वावडे. घरची गलबते, अंगावर सोने, जिभेला हाड नाही. हुरमत वाटेत दिसली की ती पदर आवरून घ्यायची आणि सोबतच्या बायकांना म्हणायची, "सरका गो, मयतवाली आली. हात लागला तर गारठाल." लग्नाघरी हुरमतला उंबऱ्याशी बसवायची. बायका फिदीफिदी हसायच्या. हुरमतही हसायची, आणि खैरूबीला त्याचाच जास्त राग यायचा.

खैरूबीची सासू अमीनाबी बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. भली बाई. तिच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली, आणि त्या वाकड्या करंगळीने ती साऱ्या आळीच्या पोरांना गुदगुल्या करायची. "मी आहे म्हणून म्हातारी जगलीय," असे खैरूबी गावभर सांगत फिरे. खरे काय ते मागच्या खोलीच्या भिंतींना माहीत. तिथला वास सहन होईना म्हणून खैरूबीने दार ओढून घ्यायला सुरुवात केली होती. म्हातारीला कूस बदलून द्यायची, पाठ पुसायची, हे आज करू, उद्या करू म्हणत राहून गेले. म्हातारी पाणी मागून मागून शेवटी गप्प झाली, आणि एका सकाळी गेली.

गुसलाला हुरमत आली. पाण्यात बोरीची पाने उकळली, कापूर काढला, परसात चादरींचा आडोसा झाला. गुसलाला एकटा माणूस पुरत नाही. एक जण पाणी ओततो, दुसरा हाताला कापड गुंडाळून अंग धुतो. धार धरायला दोन शेजारणी आत गेल्या. मयताला कुशीवर केले मात्र, हुरमतने झटकन चादर ओढली आणि शेजारणींना सांगितले, तुम्ही बाहेर जा, मी आटपते. का, ते आडोशाबाहेर उभ्या असलेल्या एकट्या खैरूबीला कळले. एका कुशीवर पडून राहून म्हातारीच्या पाठीला झालेल्या जखमा हुरमतने पाहिल्या होत्या.

आणि मग ते ऐकू आले. एकट्याने गुसल दिले तर धार तुटते, कारण तांब्या खाली ठेवल्याशिवाय अंग चोळता येत नाही. त्या दिवशी धार तुटली नाही. आतून अंग चोळल्याचा आवाज येत होता आणि त्याच वेळी पाणी एकसारखे पडत होते. बाहेरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीने हळूच चादरीची कड उचलायला हात पुढे केला, आणि काय वाटले कोण जाणे, मागे घेतला.

हुरमत बाहेर आली. अमीनाबीच्या नाकातली सोन्याची चमकी तिने गुसलाआधी काढून ठेवली होती, ती कोपऱ्यात नेऊन खैरूबीच्या हातावर ठेवली. बायका विचारू लागल्या, कशी होती गो, काय पाहिलेस? हुरमत एवढेच म्हणाली, "चेहरा शांत आहे. पाहून घ्या."

गुसल देणाऱ्याने पाहिलेले झाकून ठेवायचे असते, ही आपली रीत. पण स्वतःच्या जिभेवर ज्याचा ताबा नाही, त्याला दुसऱ्याच्या मुक्या तोंडाची फार भीती वाटते. आज नाही तर उद्या ही बोलेल, मग गावात तोंड कसे दाखवू, या विचाराने खैरूबीला घास गिळवेना. शेवटी तिने डाव टाकला. जियारतीला, म्हणजे मयतासाठी दुवा मागायला, बायका घरी जमल्या तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली, "सासूबाईंची चमकी सापडत नाही. शेवटची हुरमतच्या हातात होती. आत दुसरं कोण होतं, तिलाच विचारा." चमकी तिच्याच पानाच्या डब्यात होती.

हुरमतला विचारले. आत दुसरे कोणी नव्हते, असे तिने खरे ते सांगितले. चमकी खैरूबीला दिली, हेही सांगितले. पण मयताची अब्रू राखायला साक्षीदार तिनेच बाहेर काढलेले! शेजारणींना का घालवलेस, या प्रश्नाला ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याने गावाचा निकाल झाला. त्यानंतर तिला कुणी गुसलाला बोलावले नाही. तिच्या तिसऱ्याही टोपलीतच राहू लागल्या.

जियारतीच्या त्या दिवशी बायका पांगल्या आणि खैरूबीला सुटल्यासारखे वाटले. दिवस बुडाला, मगरिबची वेळ झाली होती. नमाजाआधी वजू करायला, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायला, तिने हातावर पाणी घेतले आणि पाहतच राहिली. अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे पाणी हातावरून घरंगळून गेले. हात कोरडेच! तिने घागरीत कोपरापर्यंत हात बुडवले. बाहेर काढले, तर बांगड्यांवरून थेंब गळताहेत आणि कातडी सुकी खडखडीत. पाणी नसेल तर मातीने वजू चालतो, म्हणून तिने अंगणातली धूळ तळव्यांना लावून पाहिली. धूळही चिकटेना.

कुणाला सांगणार? नवरा गलबतावर. नमाजाची वेळ झाली की खैरूबी दार लावून नुसतीच बसून राही. वजूच होत नव्हता, मग नमाज कुठला? हातांना भेगा पडू लागल्या. आणि भर दुपारी, गाव सुस्तावले असताना, मागच्या बंद खोलीतून धार पडल्याचा आवाज येऊ लागला. न तुटता, एकसारखा. एकदा मनाचा हिय्या करून तिने दार उघडले. आवाज थांबला. जमीन कोरडी होती आणि खोलीभर कापराचा वास होता. तिने दार ओढून घ्यायला हात घातला, तर दार आतून कुणी धरून ठेवावे तसे हलेना. ते तसेच उघडे टाकून ती पळाली.

शेवटी एका दुपारी, हात पदरात लपवून, ती बाबांच्या खोपीकडे निघाली. काहीतरी ताईतबिईत मागावा आणि निमूट परत यावे, असा विचार. झापांपाशी पोचते तो आतून हुरमतचा आवाज आला. खैरूबी बाहेरच थिजली.

"एक वाक्य बोलू द्या बाबा," हुरमत रडत होती. "एकच. माझ्या अंगावरचा डाग जाईल."

बाबा म्हणाले, "बोल ना. तुझं नाव स्वच्छ होईल आणि अमीनाबी सगळ्या गावापुढे उघडी पडेल. तू कुणाला धुवायला निघाली होतीस, बेटी?"

हुरमत म्हणाली, "नाही बोलणार." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "खैरूबीचंही काही वाईट नको व्हायला. आत काय झालं ते अल्ला बघतो आहे."

हे बाहेर खैरूबीने ऐकले. इतके दिवस जिच्या जिभेची धास्ती घेतली, ती बाई आपल्यासाठी दुवा मागते आहे! तिला तिथेच रडू फुटले.

"बाहेर कोण आहे ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "आत ये आणि हात दाखव."

खैरूबीने हात पुढे केले. बाबांनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे माझ्याने बरं होणार नाही," ते म्हणाले. "पाण्याला मी हुकूम देत नाही."

एवढ्यात धक्क्यावरून माणूस धावत आला. होडीतून उतरलेली एक अनोळखी भिकारीण तापाने फणफणत होती, तिने धक्क्यावरच प्राण सोडला होता. मुसलमान होती एवढेच कळले होते. अंगावर फोड होते, जवळ जायला कुणी तयार नव्हते. हुरमत डोळे पुसून उठली. बाबा खैरूबीकडे वळले. "हिला धार धरायला माणूस हवं," ते म्हणाले.

मशिदीच्या आवारात आडोसा बांधला गेला. बायका लांब, भिंतीशी दाटून उभ्या होत्या. खैरूबी आधी घरी गेली, पानाचा डबा उघडला आणि तशीच अनवाणी आली. बायकांच्या मधोमध उभी राहून तिने मूठ उघडली.

"चमकी माझ्याकडेच होती. हुरमतने माझ्या हातात दिली होती. मी खोटं बोलले. आणि सासूबाईंच्या पाठीवर..."

हुरमतने पुढचे बोलू दिले नाही. भरलेला तांब्या तिच्या हातात कोंबला. "पाणी निवतंय, खैरूबी. चल, धार धर."

आडोशात त्या दोघी आणि ते मयत. खैरूबीने आयुष्यात मयताजवळ पाऊल टाकले नव्हते. कुशीवर केल्यावर पाठ दिसली. अमीनाबीच्या पाठीवर होत्या तशाच जखमा होत्या. तिचे डोळे पाण्याने भरले, हातातला तांब्या कलंडू लागला, धार तुटणार, आणि मागून कुणीतरी तिचा हात खालून सावरून धरला. गार, सुरकुतलेला हात. समोर हुरमत मान खाली घालून अंग धूत होती, दोन्ही हात तिचे कामात. खैरूबीने मान वळवली नाही. तांब्याखाली तिला फक्त एक वाकडी करंगळी दिसली.

धार शेवटपर्यंत तुटली नाही. तांब्या खाली ठेवला तेव्हा मागे कुणी नव्हते, चादर हलतही नव्हती. खैरूबीने हातांकडे पाहिले. मनगटापर्यंत भिजले होते, भेगांमध्ये पाणी झोंबत होते. त्या झोंबण्याने तिला हायसे वाटले.

बाहेर आल्यावर तिने बाबांना सगळे सांगितले. करंगळीचेही. मग ती त्यांच्या पायांवर डोके ठेवायला वाकली. बाबा झटकन मागे सरले. "मदत पाठवणारा एकच आहे," ते म्हणाले. "ती कुणाच्या हातांनी येते हे विचारू नये. डोकं माझ्यापुढे नाही, त्याच्यापुढे टेक." खैरूबीने वजू केला. पाणी कोपरांवरून ओघळले आणि तिथेच, बायकांदेखत, तिने मातीवर कपाळ टेकले. पुष्कळ वेळ ते उचलले नाही.

उठली तेव्हा भिंतीशी उभ्या बायका सवयीने पुढे झाल्या. कशी होती गो ती भिकारीण, अंगावर म्हणे फोड होते, काय पाहिलेस?

खैरूबीने एकदा हुरमतकडे पाहिले, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "चेहरा शांत आहे. पाहून घ्या."