दणकाबाईचे टायर

गाड्या एकमेकींशी मोकळेपणानं बोलत, त्या दिवसांतली ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी दणकाबाई नावाची क्रेन राहायची. बंद पडलेली गाडी दिसली, की ती ओढून आणायची. गॅरेजवाले हुसेनमिस्त्री तिला विनवायचे, “दणकाबाई, तुमचे टायर पार गुळगुळीत झालेत. घटकाभर थांबा, बदलून देतो.”

“मी थांबले तर लोकांना कोण ओढणार?” असं म्हणून ती निघून जायची. खरं तर सगळ्यांना ओढणारी आपण, आपल्यालाच जॅकवर चढलेलं कुणी पाहिलं तर काय, या विचारानं तिला लाज वाटायची.

एकदा वऱ्हाडाची बस चढावर बंद पडली. मुहूर्त जवळ आलेला. दणकाबाई धावली, बसला साखळी लावून तिनं जोर केला आणि फाट्कन तिचाच मागचा टायर फुटला. बसही अडली, क्रेनही अडली. खिडकीतली नवरी रडकुंडीला आली. दणकाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ऊस टाकून परतणारा ट्रॅक्टर आला. त्यानं आधी वऱ्हाडाला मांडवात पोचवलं, मग दणकाबाईला हळूहळू ओढत गॅरेजकडे नेलं.

“मला असं नेताना कुणी पाहिलं नाही ना?” तिनं वाटेत हळूच विचारलं.

“सगळ्या घाटानं पाहिलं की! मघाशी मांडवाकडे जातानाही जी गाडी भेटली ती विचारत होती, आमच्या दणकाबाईला फार लागलं तर नाही ना?”

गॅरेजच्या दारातूनच दणकाबाईनं हाक मारली, “मिस्त्री, सगळे टायर बघा. ऑइलही बदला. आज मला अजिबात घाई नाही.”