पाववाला का रडला?

जर्मन वाचनाचा तास म्हणजे झोपेचा तास, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांनी मान्यच केलं होतं. मग शर्वरी तांबटबाई आल्या. त्या गोष्ट मध्येच थांबवून "पुढे काय होईल?" विचारायच्या. मुलं वाद घालू लागली, हसू लागली. तो गोंगाट संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब खर्डेकरांच्या कानी गेला. दोन वर्षं जर्मनीत राहून आलेला माणूस!

"वाचन म्हणजे रांगेने एकेकाने एकेक परिच्छेद," ते वर्गात येऊन गरजले. "कंटाळतात ते आळशी! हे जमत नसेल तर वर्ग बंद."

"जमेल की, साहेब. ही नवी गोष्ट घेऊ. शेवटचा परिच्छेद तुम्ही वाचा," बाई म्हणाल्या.

साहेब खुशीत मागच्या बाकावर बसले. मुलांचं रांगेने वाचून झालं. पाळी आल्यावर साहेबांनी खणखणीत वाचलं. टाळ्या पडल्या.

बाईंनी विचारलं, "साहेब, गोष्टीतला पाववाला शेवटी का रडतो?"

"ते आधी कुठेतरी आलं असेल."

"तुमच्यासमोरच वाचलं ना?"

साहेब चाचरले. "मी माझा परिच्छेद मनात घोकत होतो. चुकलो तर पोरं हसतील!"

"मुलंही तेच करतात, साहेब. तुम्हाला आळशी म्हणायची माझी छाती नाही, मग त्यांना कसं म्हणू?"

साहेब आधी लाल झाले, मग खो खो हसले. "वर्ग चालू राहील! पण तो का रडला, सांगा रे कुणीतरी."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेबांनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर आणलं. "बाई, आता तुमच्या पद्धतीने होऊ द्या."