अनसूआजीचा चेंडू

मोहरवाडी हे बाजाराचं गाव. त्या गावात असं एकही घर नव्हतं, की ज्यात त्रिंबकशेट कासारांचं अक्षर नव्हतं. शेटजींचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. तिथून तांब्या घ्या, परात घ्या, नाहीतर बारशाला द्यायची एवढीशी वाटी घ्या, नाव घातल्याशिवाय भांडं दुकानाची पायरी उतरत नसे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी शेटजी त्याला बसवून घेत, नाकावर चष्मा चढवत आणि बारीक छिन्नीनं टक् टक् करत नाव कोरून देत. त्याचे वेगळे पैसे घेत नसत.

"नाव असलं म्हणजे वस्तू हरवत नाही," असं ते प्रत्येकाला सांगत. त्यांना ते मनापासून वाटत असे.

त्यांची बायको अनसूया. स्वभावानं नवऱ्याच्या अगदी उलट. शेटजी एका जागी चार चार तास बसत, हिला चार मिनिटं बसवत नसे. साठी उलटली तरी नागपंचमीला ती फुगडी घालायला उभी राहिली, की विशीतल्या सुना धापा टाकत बाजूला होत. शाळेच्या कुंपणावरून पोरांचा चेंडू रस्त्यावर आला, की डोक्यावरची भाजीची पाटी खाली ठेवून, पदर खोचून, ती तो परत भिरकावून द्यायची. बाजारातली माणसं हसायची. तीही हसायची.

त्यांना मूलबाळ नव्हतं. एका आषाढात तापाचं निमित्त झालं आणि अनसूया गेली. शेटजींना घर खायला उठलं. दुकानात बसले तरी मनात एकच यायचं. आपण साऱ्या गावाची नावं कोरली, पण हिचं नाव आता घेणार कोण? दोन म्हाताऱ्या शेजारणी आणि आपण. आपण गेलो की तेही संपलं.

म्हणून त्यांनी तिच्या नावानं काहीतरी द्यायचं ठरवलं. कुणी म्हणालं, देवळाला घंटा द्या. कुणी म्हणालं, पाणपोई बांधा. तेवढ्यात प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका हिरवेबाई दुकानात आल्या. बाईंना आडवळणानं बोलता येत नसे.

"शेटजी, आमच्या खर्चाच्या यादीत खेळ सगळ्यांत खाली असतो. खडू, फळा, गळकं छप्पर असं करत तिथवर पोचेपर्यंत पैसे संपतात. माझी पोरं चिंध्यांच्या चेंडूनं खेळतात. पाऊस पडला की तो भिजून धोंडा होतो."

शेटजींना कुंपणाशी पदर खोचून उभी असलेली अनसूया दिसली. ते लगेच हो म्हणाले, आणि खर्चाला हात आखडता घेतला नाही.

आठवड्याभरात तालुक्याहून सामान आलं. दोन फुटबॉल, चार बॅटी, रबरी रिंगा, उड्या मारायच्या दोऱ्या, लेझमी आणि एक शिट्टी. मग शेटजी नाव घालायला बसले. बॅटींवर कोरलं. लेझमींच्या दांड्यांवर कोरलं. फुटबॉलवर तांबड्या रंगानं, ठळक आणि वळणदार लिहिलं, 'कै. सौ. अनसूयाबाई त्रिंबक कासार यांच्या स्मरणार्थ'. रिंगांवर एवढं मावेना, म्हणून नुसतं 'अनसूयाबाई'. शिट्टीवर तर काहीच मावेना, तरी हट्टानं एक 'अ' बसवलाच. गाव गालातल्या गालात हसलं. पण तोंडावर कुणी बोललं नाही. माणूस दुःखात होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

चेंडू मैदानात ठेवला, तेव्हा मुलं बुजली. पायानं मारायची वस्तू, आणि तिच्यावर गेलेल्या माणसाचं नाव! कुणी पुढं होईना. शेवटी दुसरीतली मथुरा पुढं झाली. ही पोरगी अंगानं काडी, पण पळण्यात कुणाला हार जायची नाही. तिनं आधी चेंडूला हात लावून नमस्कार केला. मग दोन पावलं मागं सरून अशी लाथ हाणली, की चेंडू थेट वडाच्या पारापर्यंत गेला. नमस्कार बघून शेटजींचे डोळे भरले. लाथ बघून त्यांनी मान फिरवली.

नवव्या दिवशी ते पुन्हा शाळेत आले. एका चेंडूवर 'अनसूया'मधलं शेवटचं 'या' तेवढं उरलं होतं. दुसऱ्यावर काहीच नव्हतं. शेटजींनी पुन्हा रंग दिला. चार दिवसांत तोही गेला. बॅटींवर कोरलेली अक्षरं घामामातीनं बुजून गेली. शेटजींना वाटलं, ही पोरं आपल्या डोळ्यांदेखत तिला दुसऱ्यांदा नाहीशी करताहेत.

तिसऱ्यांदा रंग दिला, तेव्हा ते सोबत काचेचं एक कपाट घेऊन आले.

"बाई, आता हे सगळं यात राहील. झेंडावंदनाला काढू. एरवी पोरांनी बघावं. आणि खेळायचंच झालं, तर जपून."

"शेटजी, चेंडू जपून कसा मारायचा, ते मलाही शिकवा," बाई म्हणाल्या.

"माझ्या माणसाचं नाव आहे ते, बाई."

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. मग बाईंनी कपाटाला जागा करून दिली. कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली शेटजींच्या करदोट्याला गेली.

अशी पावणेदोन वर्षं गेली. दर गुरुवारी बाजार आटोपला की शेटजी शाळेत येत, धोतराच्या सोग्यानं काच पुसत आणि आतलं तांबडं नाव वाचत. अक्षर न् अक्षर जागेवर होतं. त्यांना बरं वाटे. झेंडावंदनालाही कुलूप काढायचा धीर त्यांना झाला नाही, त्यांनी कपाटालाच हार घातला. पाठीमागं मैदानात चिंध्यांचा चेंडू घेऊन मुलांचा गोंधळ चाललेला असायचा. तिकडे ते कधी वळून बघत नसत. माणूस वाईट नव्हता हो. पण दुःखानं त्याची नजर त्या काचेपुरतीच उरली होती.

अनसूयेला जाऊन दोन वर्षं झाली, त्या दिवशी शेटजी तिच्या आवडीचे पेढे घेऊन शाळेत आले. मुलांनी रांग धरली. मथुरा आता चौथीत होती. तिनं पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही. तशीच उभी राहिली.

"आजोबा, एक विचारू?"

"विचार की."

"अनसूआजीला कधी सोडणार?"

शेटजींना काही कळेना. "कुठनं सोडायचं, बाळ?"

"कपाटातनं. तुम्ही तिला कोंडलंय ना! बाई म्हणाल्या, किल्ली तुमच्याकडं असते." मग ती घाईघाईनं म्हणाली, "पुढच्या साली मला पाचवीला तालुक्याला जायचंय. त्याच्या आत सोडाल का?"

हिरवेबाई हळूच म्हणाल्या, "चेंडूचं नाव ठेवलं होतं मुलांनी. अनसूआजी."

तेवढं पुरे झालं. पोरं पुढं घुसली आणि एकच कालवा झाला. अनसूआजी एकदा ओढ्यात पडली होती, तिघांनी चड्ड्या भिजवून तिला बाहेर काढली. अनसूआजी एकदा बाईंच्या डब्यावर जाऊन पडली, तेव्हा सगळी भाजी सांडली. अनसूआजी एकदा रात्रभर वडाच्या फांदीत अडकून बसली. "इकडं दे, अनसूआजी इकडं दे," असं सगळं मैदान ओरडायचं. ज्यांतल्या कित्येकांना ती धड आठवतही नव्हती, ती पोरं तिच्या खोड्या सांगत होती. शेटजी हातात पेढ्यांचा पुडा धरून ऐकत राहिले. इतके दिवस त्यांनी ते नाव काचेआड वाचलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते असं हसत हसत निघालेलं ऐकून त्यांना दोन वर्षं झाली होती.

किल्ली करदोट्यालाच होती. हात तिथपर्यंत गेला आणि परत आला. एकदा दार उघडलं की नाव गेलंच, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते घरी निघाले. मथुरेनं पेढा मुठीत तसाच धरला होता.

घरी आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे चहाची तपेली घासायला घेतली. हे काम त्यांना उतारवयात शिकावं लागलं होतं. घासता घासता तपेली पालथी झाली, आणि सवयीनं त्यांचा अंगठा नावाच्या जागी गेला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतः त्या तपेलीवर अनसूयेचं नाव कोरलं होतं. अंगठ्याला काहीच लागलं नाही. त्यांनी चष्मा लावला, उजेडाकडे धरून पाहिलं. धातू गुळगुळीत झाला होता. चाळीस वर्षं रोज राख आणि नारळाची शेंडी घेऊन तिनं ती तपेली घासली होती. तिचं नाव तिच्याच हातांनी पुसलं होतं, आणि अक्षरांचा एवढा नाद असलेल्या नवऱ्याच्या ते कधी ध्यानातही आलं नव्हतं.

शेटजी उठले. वरच्या फळीवर भांडी ओळीनं मांडलेली होती. त्यांनी त्यातली एक कळशी खाली घेतली. तिच्यावरचं 'सौ. अनसूया' काल कोरल्यासारखं स्वच्छ होतं. ही कळशी अनसूयेनं उभ्या जन्मात वापरली नव्हती. जड आहे मेली, म्हणायची.

ज्या भांड्यावर तिचं नाव शाबूत होतं, त्याला तिचा हात लागला नव्हता. आणि ज्यावर नावाची खूणही नव्हती, ती तपेली सगळीच्या सगळी तिची होती. शेटजी तपेली मांडीवर घेऊन बसले आणि दोन वर्षांत रडले नव्हते तेवढे रडले.

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आत ते शाळेत हजर झाले. सायकलवाल्याकडून त्यांनी हवा भरायचा पंप मागून आणला होता. त्यांनी कुलूप काढलं. आत काय होतं? दोऱ्या उंदरांनी कुरतडलेल्या. रिंगा चिकट होऊन एकमेकींना बिलगलेल्या. एका फुटबॉलचं रबर चिरलं होतं, त्यात हवा ठरेना. आणि नाव मात्र लखलखीत! शेटजींना स्वतःची इतकी लाज वाटली, की ते बाईंच्या नजरेला नजर देईनात.

"बाई, चुकलं माझं. एक अख्खी चौथी न खेळता शाळेतून गेली."

बाई म्हणाल्या, "यंदाची आहे अजून. पंप द्या इकडे."

दुसऱ्या चेंडूनं हवा धरली. शेटजींनी तो स्वतः नेऊन मैदानाच्या मधोमध ठेवला. मथुरा पुढं आली. सवयीप्रमाणे ती चेंडूला नमस्कार करायला वाकली.

"पाया नको पडूस, पोरी," शेटजी म्हणाले. "लाथ मार. चांगली जोरात मार."

मथुरेनं लाथ मारली. चेंडू वडाच्या पारावर आपटून उलटा आला तो नेमका शेटजींच्या पायाशी. "आजोबा, मारा! आजोबा, अनसूआजी द्या!" सगळं मैदान ओरडलं. शेटजींनी इकडे तिकडे पाहिलं. मग धोतर खोचलं आणि लाथ हाणली. चेंडू गेला डावीकडे, वहाण गेली उजवीकडे. पोरं पोट धरून हसली. कुंपणापलीकडे बाजाराला निघालेली माणसंही थांबून हसू लागली. शेटजीही हसले. तांबडं नाव पाच दिवसांत पुसलं गेलं. त्यांनी पुन्हा रंग दिला नाही.

त्या वर्षापासून त्यांनी शाळेशी एक ठराव केला. खेळाचं सामान दरसाल त्यांच्या दुकानातून जाईल, यादीत ते खाली असो की वर. नाव कशावरही घालायचं नाही. अट एकच. जुना चेंडू आणून दाखवायचा, नवा घेऊन जायचा. चेंडू चांगला फाटलेला असला, की शेटजी खूश होत आणि पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. एकदा चेंडू फारसा झिजला नव्हता, तर त्यांनी बाईंना बोलावून विचारलं, "यंदा पोरं आजारी होती का?"

ते फाटके चेंडू त्यांनी टाकून दिले नाहीत. दुकानात, लखलखत्या घागरी-परातींच्या वर, दोरीला ओळीनं टांगून ठेवले. मथुरा तालुक्याच्या शाळेच्या संघातून खेळू लागली, तिनं तिथला एक फाटका चेंडूही आणून दिला. तोही त्या दोरीवर गेला. परगावचं गिऱ्हाईक आलं, की हमखास विचारायचं, "शेटजी, एवढ्या झगमगाटात ही फाटकी लक्तरं कशाला?"

नाकावरचा चष्मा वर सरकवून शेटजी म्हणायचे, "ती होय? ती माझ्या अनसूयेची."

तात्पर्य: मुलांच्या खेळासाठी जे द्यायचं, ते झिजावं, फाटावं म्हणूनच द्यावं. कपाटात नवीकोरी राहिलेली देणगी मुलांच्या कामी येत नाही, आणि जिच्या आठवणीसाठी ती दिली, तिच्याही कामी येत नाही.