सोन्याशेजारी तांबं

संस्थानी अंमलातली गोष्ट. पुरात रखमाजी तांबटाची भट्टी वाहून गेली आणि त्याने गाव सोडायचं ठरवलं. त्याचा जिवलग दाजीशेट सोनार म्हणाला, "जातोस कुठं? माझ्या दुकानाशेजारी छप्पर घालू. भट्टी एक, भाता एक, कामं दोघांची."

जागा संस्थानची, म्हणून दोघं कारभारी आबासाहेबांपुढे उभे राहिले. आबासाहेबांनी नाक मुरडलं. "सोन्याच्या मांडीला मांडी लावून तांबं? सोन्याची अब्रू घालवाल, दाजीशेट!"

कचेरी खदखदून हसली. रखमाजीने मान खाली घातली.

दाजीशेटने नम्रपणे हात पुढे केला. "तर मग साहेब, मनगटातलं कडं उतरवून द्या. मीच घडवलंय. टणक राहावं म्हणून सोन्यात तांबं मिसळलंय, तेवढं काढून टाकतो. नंतर मात्र जपा. मिशीला पीळ देतानाही वाकेल."

आता कचेरी तोंड दाबून हसत होती. आबासाहेबांनी हळूच कडं बाहीत सरकवलं. "घाला छप्पर," ते पुटपुटले.

त्या छपराखाली दोघं म्हातारे झाले. रखमाजी गेल्यावरही दाजीशेट हातोडी उचलून क्षणभर थांबायचा. पलीकडून आधी ठोका यायचा, अशी कानाला सवय होती.