दुसऱ्याच्या नावाचं ताट

एकदा एक आई हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री बासष्ट ताटांच्या काळजीने जागी राहिली. ताटं तिची नव्हती, एक सोडलं तर ती तिच्या घरातही नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचशे माणसं जेवायला बसणार होती.

ती आई मीच. दृष्टांतात माणसांना नावं नसतात आणि चुका नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी असतात, म्हणून ‘एक आई’ असं लिहून पाहिलं; पण पहिल्याच परिच्छेदात लाज वाटली. तेव्हा शिष्येच्या जागी मी आहे असं समजा. गुरूच्या जागी आमच्या बाई आहेत. त्यांनी मला सातवीत शास्त्र शिकवलं. आता निवृत्त होऊन त्या आमच्याच कॉलनीत, शेवटच्या गल्लीत राहतात. मी एका मुलीची आई झाले, तरी त्यांच्यासमोर उभी राहिले की माझे हात आपोआप पाठीमागे जातात.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगितल्याशिवाय ही ताटांची काळजी कळायची नाही. आमची कॉलनी तालुक्याच्या गावाला लागून, बासष्ट घरांची. मध्ये मारुतीचं देऊळ, देवळामागे ओढा. हनुमान जयंतीला महाप्रसाद असतो. गव्हाची खीर, वांग्याची भाजी, आमटी आणि भात. चार पंगती उठतात. जेवण चंदेरी कागदाच्या पत्रावळ्यांवर होतं आणि दुसऱ्या दिवशी त्या पत्रावळ्या ओढ्यात असतात. मुलगी झाल्यापासून मला असल्या गोष्टी दिसायला लागल्या आहेत. आधी दिसत नव्हत्या असं नाही. आधी त्या नगरपालिकेच्या होत्या.

म्हणून गेल्या वर्षी मी कॉलनीच्या ग्रुपवर एक दीर्घ संदेश लिहिला. त्यात सात मुद्दे होते आणि शेवटी प्लास्टिकमध्ये अडकलेल्या कासवाचा फोटो. आमच्या ओढ्यात कासव नाही, पण भावना महत्त्वाची. प्रत्येकाने घरून आपापलं ताट आणावं, अशी विनंती होती. खाली सत्तावीस अंगठे उमटले, चार जणांनी हात जोडले. मी कृतार्थ झाले. प्रत्यक्षात महाप्रसादाला नऊ ताटं आली, त्यातली दोन माझी. बाकी सगळ्यांनी कपाळावर हात मारून सांगितलं की विसरलोच. ते खोटं बोलत नव्हते, हे जास्त वाईट होतं. उत्सव समितीचे अध्यक्ष दिनकरअण्णा यांनी वीस मिनिटांत कागदी पत्रावळ्यांचे गठ्ठे मागवले आणि माझ्यासमोरून जाताना शांतपणे म्हणाले, “ताई, पर्यावरण पुढच्या वर्षी. आमटी गार होतेय.”

मी तडक बाईंकडे गेले आणि लोक किती बेजबाबदार आहेत ते सविस्तर सांगितलं. बाईंनी चहा दिला. मग विचारलं, मी कुणाच्या घरी गेले होते का. मी म्हटलं, मेसेज केला होता. त्या म्हणाल्या, ते ऐकलं. गेली होतीस का? मी चहा प्यायले.

यंदा संक्रांतीनंतर बाई स्वतः निघाल्या. वय त्र्याहत्तर, गुडघे दुखरे, तरी रोज चार-पाच घरं. प्रत्येक घरी एकच मागणी: या वर्षी मला वाण देऊ नका, तुमच्या नावाचं एक ताट द्या, काही दिवसांसाठी. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालायची रीत आहे. कुणाला, कुणाकडून, कोणत्या साली, सगळं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. अशी ताटं बहुतेक घरांत माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, कुठल्यातरी मोठ्या पाहुण्यांची वाट पाहत पडून असतात. बाई दारात उभ्या राहिल्यावर नाही कोण म्हणणार? अर्ध्या कॉलनीला त्यांनी शिकवलंय, उरलेल्या अर्ध्या कॉलनीच्या मुलांना. रथसप्तमीपर्यंत त्यांच्या ओट्यावर बासष्ट ताटं जमली.

मला तर आनंदाचं भरतं आलं. देवळात एक कपाट, कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली माझ्याकडे, असं सगळं चित्र मला दिसायला लागलं, आणि ते मी बाईंना ऐकवलंही. मी ताटांच्या गल्लीवार चळती लावल्या, प्रत्येक ताटावर घर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली. शिष्येने गुरूच्या कार्याला व्यवस्था द्यावी, ती दिली.

रथसप्तमीला बाईंकडे हळदीकुंकू होतं. आलेल्या प्रत्येकीला त्यांनी हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून एकेक ताट हातात ठेवलं. पहिली दारापर्यंत गेली आणि परत वळली. तिच्या हातातल्या ताटावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. दुसरीचंही तसंच. तिसरीचंही. मी घाईघाईने पुढे झाले आणि बाईंच्या कानाशी लागून म्हटलं की चिठ्ठ्यांची काहीतरी गडबड झालीय.

“गडबड नाही,” बाई म्हणाल्या. “सकाळी बसून मीच बदलल्यात.”

मग त्यांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं: हे ताट हनुमान जयंतीपर्यंत सांभाळायचं, त्या दिवशी देवळात आणायचं आणि जिचं आहे तिच्या हातात द्यायचं. का, ते सांगितलं नाही. बायका एकमेकींकडे बघत ताटं घेऊन गेल्या. माझी व्यवस्था बासष्ट घरांत विखुरली. मला वाटलं, बाईंचं वय झालं. हे मी कुणाला बोलले नाही, पण वाटलं, आणि गोष्ट प्रामाणिक व्हायची तर इथे लिहायला हवं.

पुढे समितीची बैठक झाली. अण्णांनी पत्रावळ्या किती मागवायच्या ते विचारलं. तेव्हा एक आवाज म्हणाला की मागवू नका, ताटं येतील. तो आवाज माझा होता, हे मला इतरांच्या नजरा वळल्यावर कळलं. अण्णांनी विचारलं, आणि पंगत अडली तर? मी म्हटलं, मी जबाबदार.

“ठीक,” अण्णा म्हणाले. “ताई, तुमच्या तळहातावर आमटी राहील ना?”

सगळे हसले. मीही हसले. पत्रावळ्या मागवायच्या नाहीत असं ठरलं.

माझ्या वाट्याला आलेलं ताट नेमकं अण्णांच्या पत्नीचं होतं. ‘चि. सौ. कां. इंदुमती हिस आत्याकडून, १९८४.’ माझ्या घरात माझा चष्मा सापडत नाही, माझ्या मुलीचा, जुईचा, एक मोजा कधीच सापडत नाही. पण ते ताट कुठे आहे हे मी झोपेतही सांगितलं असतं. फ्रिजवर, टॉवेलमध्ये. त्यात कुणी कणीक मळायची नाही, त्यावर जुईने रंग कालवायचे नाहीत. नवऱ्याने एकदा त्यात आंबे चिरायला घेतले तर मी असा आवाज काढला की त्याने सुरी खाली ठेवली. तरीही, मला हे सगळं करताना बाकीच्या एकसष्ट घरांतही हेच चाललं असेल अशी शंका आली नाही. मी फक्त एवढंच धरून चालले होते की मी सोडून सगळे विसरणार. स्वतःबद्दल शंका घेण्यात माझा हातखंडा आहे, असं मी समजत होते. इतरांबद्दल शंका घ्यायला मला मुळीच कष्ट पडत नाहीत, हे तेव्हा कळलं नव्हतं.

हनुमान जयंतीला सूर्योदयाला जन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटून झाला. साडेअकरा वाजता देवळाच्या कट्ट्यावर चौदा ताटं होती. चुलीवरची आमटी उकळून बाजूला ठेवली होती. अण्णा फोन हातात घेऊन उभे होते. ते अंगठ्याने फोन पुसत होते. बाई खांबाला टेकून वाती वळत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग बायका यायला लागल्या. एकदम नाही, एकेक. प्रत्येकीच्या काखेत काहीतरी कापडात गुंडाळलेलं. आल्या आल्या कुणी कट्ट्याकडे गेलं नाही. त्या माणसं शोधायला लागल्या. लता सावंत कोण हो? नव्या भाडेकरूंपैकी का? नूरजहाँभाभी आल्यात का, त्यांचं ताट माझ्याकडे आहे. मागच्या गल्लीतल्या, नुसत्या ‘सून’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन मुलींना त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या नावाने हाका ऐकू आल्या. एका काकू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या. जाताना ताट शेजारी सोपवून गेल्या होत्या, म्हणून शेजारीण दोन ताटं घेऊन आली.

शेवंताकाकू आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातलं ताट आरशासारखं घासलेलं होतं. त्यांनी विचारलं, कुसुम कोण? दोन महिने शोधतेय, या नावाची कॉलनीत कुणी सापडेना. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं.

सुलभाकाकू कोपऱ्यात भाताचं पातेलं उतरवत होत्या. त्यांच्या दारातल्या बदामाची पानं शेवंताकाकूंच्या अंगणात पडतात. त्यावरून दोघी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे कॉलनीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. सुलभाकाकूंनी पातेलं खाली ठेवलं.

“कुसुम मीच,” त्या म्हणाल्या. “माहेरचं नाव आहे.”

शेवंताकाकू ताट घेऊन चार पावलं पुढे आल्या. मग पदराने त्याची कड पुन्हा एकदा पुसली आणि ते पुढे केलं.

“बघून घे. चरा पडलेला नाही.”

“दिसतंय,” सुलभाकाकू म्हणाल्या. मग ताट घेत म्हणाल्या, “बसा. खीर गरम आहे.”

बारा वाजून दहा मिनिटांनी एकसष्ट ताटं मांडून झाली होती. बासष्टावं दुसऱ्या पंगतीला आलं; ते सांभाळणारे आजोबा शेतावरून थेट देवळात आले होते, ते सायकलने घरी जाऊन घेऊन आले. अण्णांनी फोन खिशात घातला. इंदुमतीकाकूंचं ताट मी आधीच त्यांच्या हातात दिलं होतं. अण्णांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, १९८४ वर बोट फिरवलं आणि म्हणाले की लग्नानंतर हे त्यांनी आजच बघितलं. मग त्यांनी बाही सरसावली आणि स्वतः वाढायला घेतलं. प्रत्येक पंगत उठली की जेवलेला आपलं ताट घासून पुढच्याला देत होता. देवळामागच्या ओढ्यात त्या दिवशी फक्त ओढा होता.

चौथी पंगत उठल्यावर बाई आणि मी नळाशी ताटं विसळत बसलो. जुई पुसत होती. मी विचारलं, आता तरी सांगा. एवढ्या सगळ्यांना लक्षात कसं राहिलं? गेल्या वर्षी हीच माणसं विसरली होती.

बाईंनी हातातलं ताट विसळून जुईकडे दिलं. मग म्हणाल्या,

“गेल्या वर्षी तू त्यांना स्वतःचं ताट आणायला सांगितलंस. स्वतःचं ताट विसरायचा माणसाला हक्क आहे, गं. नुकसान त्याचंच. तुझ्या कपाटात ठेवलं असतं, तर ते देवळाचं झालं असतं, म्हणजे कुणाचंच नाही. पण दुसऱ्याच्या नावाचं ताट घरात असलं की रोज दिसतं. ते जपावं लागतं, आणि परत द्यायला तिच्यापर्यंत चालत जावं लागतं. हा ओढा आपला, आपला म्हणतो ना आपण? आपला आहे म्हणूनच त्याची ही दशा केली. तो दुसऱ्या कुणाचा तरी आपल्याकडे ठेवायला दिलाय, असं एकदा बघ.”

एवढंच. त्यांनी पुढचं ताट उचललं. मला सात मुद्दे आणि कासव लागलं होतं.

पलीकडे बायका निघायच्या तयारीत होत्या. आता ताटं घरी न्यायची का, असं कुणीतरी विचारलं. बाईंनी काही सांगायच्या आधीच त्यांनी आपापसांत बदलायला सुरुवात केली होती. तुझं मी ठेवते, माझं तू ठेव, पुढच्या वर्षापर्यंत. सुलभाकाकूंचं ताट कोण नेतंय ते मी मुद्दाम पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडले असते, आणि नळाशी रडणारी शिष्या शोभत नाही.

त्याऐवजी मी आईच्या कर्तव्याला लागले. जुईला जवळ घेतलं आणि बाई काय म्हणाल्या ते तिला सोपं करून सांगितलं, जरा लांबलंच. तिने ऐकलं. हातातलं ताट पुसून झाल्यावर त्यावरचं नाव बोटाने अक्षर अक्षर वाचलं, मग शेजारचं वाचलं, मग त्याच्या शेजारचं. मग देवळातून बाहेर पडणाऱ्या सगळ्या बायकांकडे, त्यांच्या काखेतल्या ताटांकडे एकेक करून बघितलं, आणि मला विचारलं,

“माझ्या नावाचं कुणाच्या घरी आहे?”