ठकूचा रांजण

हा माथ्यावरचा रांजण आधी नीट बघून घ्या. पोटात दोन माणसं उभी राहतील, आणि बाहेरून हात फिरवलात तर थापटण्याचे वळ अजून बोटांना लागतात. हा इथे कुणी आणला नाही, बरं का. आणणार कसा? घाटाच्या त्या पायवाटेने गुरंसुद्धा अंग चोरून चढतात. हा इथेच जन्मला, आणि याच्यामुळे आमची रांजणवाडी डोंगरावर टिकली. तुम्ही पाहुणे मंडळी चार दिवस मातीत हात घालायला येता, ती शेडही याच्याच शेजारी बांधलीय. बसा. माती मुरेस्तोवर सांगतो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा म्हणे वाडीला नावही नव्हतं, नुसते 'वरचे लोक' म्हणायचे. पाणी एकाच कपारीतल्या झऱ्याचं. पावसाळ्यात दांडगं, थंडीत करंगळीएवढं, आणि होळी झाली की खडखडाट. मग गुरंढोरं, म्हातारीकोतारी घेऊन सगळे खाली उतरायचे, कुणाच्या तरी बांधाला पडायचे आणि वर बोलणी खायचे. शेवटी वैतागून पंचांनी ठरवलं की येत्या होळीला उतरायचं ते कायमचं.

त्याच वर्षी वरच्या एकुलत्या एका कुंभाराच्या घरात ठकू सून होऊन आली. नवरा नावाचाच कुंभार. खालून सासऱ्याची, म्हणजे ठकूच्या बापाची, भिवा कुंभाराची मडकी आणून विकायचा, आणि त्यातली निम्मी घाटातच फुटायची. ठकूने थंडीत झऱ्याचं पाणी दरीत वाहून जाताना पाहिलं आणि तिच्या मनाने घेतलं, रांजण इथेच घडवायचा. बाप हसला. "पोरी, डोंगराच्या मातीची पणती होत नाही, रांजण कुठला! तिला आच सोसत नाही." पण ठकू बापापेक्षा हट्टी. देवीसमोर भंडारा उचलून म्हणाली, "या मातीचा रांजण भरेस्तोवर मी भांड्याने पाणी पिणार नाही. ओंजळीनेच पिईन."

बोलून बसली खरी! बापाने लहानपणापासून शिकवलेलं, मातीत खडा राहिला की मडकं गेलं. म्हणून ती माती वस्त्रगाळ करायची. मडकं असं देखणं घडायचं की दृष्ट लागावी. आणि भट्टीतून काढावं तर तडकलेलं. ती आणखी बारीक चाळायची, ते आणखी फुटायचं. अंगणात खापरांचा ढीग झाला. झऱ्यावर तिला ओंजळीने पिताना बघून बाया तोंडाला पदर लावायच्या. ठकूला रडू यायचं, पण नेम मोडला नाही.

एकदा भट्टी उपसली तर सगळा नुसता चुराडा, आणि मधोमध एक वेडीवाकडी झाकणी धडधाकट. "ही कुणाची?" ठकूने विचारलं. सासू ओशाळली. "माझी गं बाई. दुधावर ठेवायला झाकण नव्हतं. मला कुठं चाळायला येतंय! त्या ढिगाजवळची तुडवलेली माती ओढली न् थापली." ठकूने झाकणी मोडून पाहिली. आत खापरांचा बारीक चुरा. ठकूला उमगलं. नुसत्या मातीला आच सोसत नव्हती, पण एकदा आगीतून निघालेलं खापर तिच्या सोबतीला असलं की सोसत होती. कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच, म्हणतात ना? आली, आणि तिथेच तिला घबाड सापडलं.

आता रांजणाला पोत्यांनी चुरा हवा. ढीग पुरेना. तेव्हा ठकूने लग्नात बापाने दिलेली रंगवलेली मडकी अंगणात मांडली आणि मुसळ घातलं. सासूने डोळे मिटून घेतले. मग म्हणे त्याच हसणाऱ्या बाया आपापल्या घरातली मडकी घेऊन आल्या. तांब्यापितळेची भांडी तेव्हा होती कुणाकडे! आता रांजण तडकला असता तर होळीचीही वाट न बघता सगळ्यांना उतरावं लागलं असतं, आणि हे ठकूला पुरतं ठाऊक होतं.

एवढा रांजण पेलेल असं चाक तर नव्हतंच. "चाक फिरत नाही तर मी फिरते," म्हणाली, आणि मातीच्या वळ्यावर वळा चढवत, आतून दगड धरून बाहेरून थापटत, रांजणाभोवती फिरत राहिली. वाळल्यावर शेण्या, पेंढा, भाताचा तूस रचून तो जागेवरच भाजला. राख निवेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग तिने राख सारली आणि टिचकी मारली. खण्ण! बायांनी एकच गलका केला, आणि नवऱ्याने अशी हलगी बडवली की चामडं फाटलं.

होळीपर्यंत शेजारी आणखी चार रांजण उभे राहिले. बांबूच्या पन्हळीने झरा त्यांत सोडला. सणाला भिवा बैल घेऊन लेकीचं बिऱ्हाड उतरवायला आला, तर रांजण काठोकाठ आणि घराघरात पुरणाचा वास. उतरायचं कुणी नाव काढेना! त्याने रांजण वाजवून पाहिला. पुन्हा वाजवला. मग पागोटं काढून काखेत घेतलं आणि म्हणाला, "ठके, तुझा बाप हरला गं. आणि लई आनंदानं हरला." ठकूने नव्या मडक्यात पाणी काढून आधी बापाला दिलं. मग सगळ्या वाडीसमोर, मान वर करून, स्वतः घटाघटा प्याली. त्या दिवशी वर एवढा जल्लोष झाला की खालच्या गावाला वाटलं, लग्नच आहे. वाडी त्या होळीला उतरली नाही, आणि पुढेही कधी उतरली नाही.

आजही इथे पहिलं मडकं कुणी घरी नेत नाही. नवी सून असो की तुमच्यासारखा पाहुणा, आपल्या हाताने फोडायचं, कुटायचं, आणि तो चुरा मागून येणाऱ्याच्या मातीत घालायचा. तुम्ही आज जी माती मळणार आहात, तिच्यात गेल्या खेपेच्या पाहुण्यांची मडकी आहेत. कळतंय मला, सकाळी तुमचं पहिलं मडकं भट्टीतून निघालं तसे फोटो काढून घरी पाठवलेत. मागे एक बाई तर मडकं पदराखाली लपवून निघाल्या होत्या! अहो, ठकूने माहेर फोडलं होतं. घ्या मुसळ. असं भीत भीत काय मारता? जोरात घाला!